दाराचा वास आलेला मासा

आई, काल मी आपल्या मासेवाल्या मावशीला सांगून टाकलं. तिच्या पाटीतल्या माशांत माझे मासे मिसळणारी मीच होते, हे. सव्वीस वर्षं लागली. तुला जाऊन त्यातली सतरा झाली, म्हणजे तुला सांगायला माझ्या हातात चांगली नऊ वर्षं होती. ती मी कशात घालवली म्हणशील, तर मासे काय खातात यावर लोकांना व्याख्यानं देण्यात. दुसऱ्याला शहाणं करणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. मी सात वर्षांची असताना तू शेजारणीला म्हणाली होतीस, "ह्या चेडू मोठा होऊन मास्तरीण तरी होतला, नायतर सासवेक खातला तरी." मास्तरीण झाले नाही. सासूबाई ठणठणीत आहेत. पण तुझा रोख कुठे होता ते कळलं.

ती दुपार तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीसच. पण मला ती एकदा सरळ लिहून काढायची आहे, कारण इतकी वर्षं मी ती मनातल्या मनात माझ्या सोयीने मुरडत आले. कधी मी त्यात लहान होते, कधी घाबरलेली होते, एकदा तर आजारीसुद्धा होते. प्रत्यक्षात मी चोवीस वर्षांची धडधाकट बाई होते, मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, आणि जगात आपल्याइतकं माशांतलं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. मालवणात, बंदरापासून हाकेच्या अंतरावर, मासे तळणाऱ्या बाईच्या पोटी जन्माला येऊन अशी खात्री बाळगायला वेगळीच हिंमत लागते.

आमच्या प्रयोगात जिताड्यांच्या तीन टाक्या होत्या. खाद्याच्या गोळ्या तिन्हीकडे सारख्या, फरक फक्त तेलाचा. एकीत माशाचं तेल, दुसरीत सोयाबीनचं, तिसरीत अळशीचं. समुद्रातली तारली उकळून तिचं तेल काढायचं आणि ते तळ्यातल्या माशाला चारायचं, म्हणजे एक मासा वाढवायला ढीगभर मासे मारायचे. हा आतबट्ट्याचा उद्योग थांबवायला झाडाचं तेल चालेल का, एवढाच प्रश्न. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तुला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तू नारळ खवत होतीस. हात थांबवून विचारलंस, "अळशी? माशाक गळू झालेला काय?" मी म्हटलं, पोटीस बांधायचं नाही आई, खायला घालायचं. त्यावर तू म्हणालीस, "तू शिकलंस म्हणान मासो शिकलो असा नाय. तळ्यातलो मासो माझ्या तव्यार चडाचो नाय." आणि पुन्हा खवायला लागलीस. विषय संपला. तुझ्यापुरता.

झाडाच्या तेलावर मासे झकास वाढतात. वजन तेवढंच, लांबी तेवढीच, बाहेरून बघून ओळखू येत नाही. फरक असतो आतल्या चरबीत. मासा जे तेल खातो ते त्याच्या मांसात जाऊन बसतं, बरंचसं तसंच्या तसं. डॉक्टर हृदयासाठी खा म्हणून सांगतात ते ओमेगा-थ्री मासा स्वतः तयार करतो, असा लोकांचा समज आहे. मासा कसला करतोय! ते करतं समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते बारीक जीव खातात, त्यांना तारली खाते, तारलीला जिताडा. मधला प्रत्येक जण तालुक्याच्या कचेरीतल्या फायलीसारखं नुसतं पुढे पाठवतो, आणि नाव शेवटच्या साहेबाचं होतं. अळशीतही ओमेगा-थ्री भरपूर असतं, पण ते आखूड जातीचं. त्याचं लांब करून घ्यायची कला गोड्या पाण्यातल्या रोहूला थोडीफार येते, जिताड्याला जवळपास नाहीच. पिढ्यान् पिढ्या आयतं मिळालेल्या घराण्यातला तो. त्याला अळशी द्या, तो अळशी आहे तशी अंगात भरून ठेवतो. हे सगळं मी प्रबंधात तक्त्यांसह लिहिलं. चवीबद्दल शेवटी एक ओळ होती, खाऊन बघणाऱ्या पाच जणांना चवीत काही फरक जाणवला नाही. ते पाच जण हॉस्टेलच्या मेसवर जगत होते. त्यांना कुणी वाफवलेला फडका दिला असता तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला असता.

प्रयोग संपल्यावर उरलेले मासे वाटून टाकले. अळशीच्या टाकीतले तीन जिताडे मी बर्फात घालून एसटीने घरी आणले. तुझा हट्ट मोडायचा, एवढाच विचार. घरी पोचले तर तू तांदूळ घेऊन गिरणीत गेलेलीस आणि पडवीत मावशीची पाटी, ओल्या फडक्याखाली चार जिताडे. ती नेहमी तशीच ठेवून जायची, तू नेहमी तसेच उचलायचीस. वीस वर्षांत तुम्ही दोघींनी कधी मासा उलटून बघितला नव्हता. मला वाटलं, ही तर देवानेच सोय केली. मी विळी घेतली आणि सातही मासे एकत्र कापून टाकले, कचरा आपल्या रिवाजाप्रमाणे माडाच्या आळ्यात नेऊन पुरला, तुकडे धुऊन कोकमाचं आगळ आणि मीठ लावून ठेवले. जेवणं झाली की सगळ्यांसमोर सांगायचं, बघा, कळलं का कुणाला? मनात टाळ्यासुद्धा वाजून झाल्या होत्या.

तू आलीस. पातेल्यावरचं ताट उचललंस आणि म्हणालीस, "मासे कापलंस? तू?" मग तुकडे चाळवलेस. "आज तुकडे बरे झाले गो." तो चेहरा मी विसरलेले नाही. प्रबंध पूर्ण झाला तेव्हासुद्धा तू इतकी खूश झाली नव्हतीस.

पडवीतल्या आपल्या खानावळीची तिन्ही बाकं भरली आहेत. बँकेतले दोघे आहेत, एसटीचा कंडक्टर आहे, आणि कोपऱ्यात, त्यांच्या ठरलेल्या जागी, तांडेलकाका. सत्तरी उलटलेली, पण चाळीस वर्षं मचवा हाकलेल्या माणसाची मान ताठच. मी वाढते आहे. बँकेतला एक जण म्हणतो, वा, आज जिताडा फर्स्टक्लास. मी मनात त्याला एक गुण देते. तांडेलकाका तुकडा मोडतात, तोंडाकडे नेतात, आणि मध्येच थांबतात. हुंगतात. एक घास खातात. मग स्वयंपाकघराकडे बघून हाक मारतात, "काय गो, चवथ इली काय?"

तू आतून म्हणालीस, "चवथ? अजून होळयेचो पत्तो नाय."

"मगे ह्या माशाक दाराचो वास कित्याक येता?"

पडवी हसली. कंडक्टरला तर ठसका लागला. आपल्याकडे गणपतीच्या चवथीआधी घरोघर फणसाच्या लाकडाच्या दारांना अळशीचं तेल चोळतात. तो वास नाकात घेतच आपण सगळे वाढलेलो. एकदा नाव घेतल्यावर तो वास पडवीभर झाला. ज्याने फर्स्टक्लास म्हटलं होतं, त्या बँकवाल्याने ताट पुढे सरकवलं. तू हात पुसत बाहेर आलीस, तांडेलकाकांच्याच ताटातला तुकडा उचललास, हुंगलास, खाल्लास आणि परत ठेवलास. सगळ्यांना आमटी आणि वाल वाढलेस आणि कुणाकडूनही पैसे घेतले नाहीस.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मावशीच्या घराला नवीन दार बसलं होतं! असं कुणी गोष्टीत लिहिलं तर मी नावं ठेवली असती. "ताज्या तेलाच्या दाराखाली ठेवल्यान मासे तिना," तू म्हणालीस. "वीस वर्सां डोळे मिटून घेतलंय, आणि ह्या." मी म्हटलं, "आई," आणि तू म्हणालीस, "तू गप. तू मासे कापलंस, ता पुरे." माझ्या ज्या तोंडाला सगळा गाव घाबरतो, ते त्या दिवशी एका 'गप'ने बंद झालं. संध्याकाळी तू मावशीची रिकामी पाटी उचलून तिच्या घरी गेलीस आणि हात हलवत परत आलीस. त्यानंतर मासे आणायला स्वतः बंदरावर जायला लागलीस.

मी घरी यायची तेव्हा मावशी कधी दिसायची नाही. बाजारात समोरून आली तर तोंड फिरवायची. आणि तोंड फिरवताना तिचे खांदे जरासे हलायचे. मला वाटायचं, रडते. तेवढं दिसलं की माझी उरलेली सुट्टी नासायची. ज्या बाईने आयुष्यात शिळा मासा विकला नाही, तिचं नाव माझ्यामुळे गेलं, आणि तेही आपल्या दाराशी. सांगायचं ठरवून मी दर वेळी यायचे आणि दर वेळी काहीतरी निघायचं. कधी तुझे गुडघे दुखत होते, कधी पाहुणे होते. कधी तू इतकी छान बोलत होतीस की ते बिघडवायला नको वाटलं. ही शेवटची सबब सगळ्यांत जास्त वेळा वापरली.

मला खाद्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तू मला कुकर दिलास, दोन लुगड्यांची गोधडी दिलीस आणि औषधाची एक बाटली दिलीस, घट्ट बुचाची. आत अळशीचं तेल. "खोलयेच्या दाराक लाव," म्हणालीस. "वास बरो येता." चेहरा सरळ, देवळात उभी असल्यासारखा. मी समजले, आईची काटकसर, घरात उरलेलं तेल. दर सुट्टीत तव्यावर मासा टाकलास की मला हाक मारायचीस, "बग गो, वास येता काय?" मी येऊन हुंगायची आणि म्हणायची, नाही आई, मस्त आहे. तुझं वय झालं, नाकावरचा विश्वास उडाला, असं वाटून मला तुझी कीव यायची. माझी हुशारी बघ.

आता इकडचं सांगते. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून आचऱ्याच्या खाडीला दोन तळी घेतली. जिताडेच. लहानपणापासून जवळजवळ पूर्ण वाढ होईपर्यंत त्यांना झाडाच्या तेलाचं खाद्य देते, कारण तारली समुद्रात राहिलेली बरी. पण बाजारात काढायच्या आधीचे शेवटचे काही महिने माशाच्या तेलाचं. तेवढ्यात मांसातलं झाडाचं तेल कमी होत जातं आणि समुद्राचं परत येतं. पूर्ण नाही, पण बरंचसं. मासा हटवादी नसतो, आई. चारा बदलला की आतून बदलायला लागतो. माणसाला बाटली दिली तरी कळत नाही. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतून अहवाल आला, आकडे मनासारखे होते. आणि माझ्या डोक्यात आलं, आपली पडवी झाडून परत खानावळ सुरू करावी, आणि तुझ्याच तव्यावर तळ्यातला मासा चढवावा.

पण अहवालाने मासा पास होतो, पडवीत होत नाही. तिथे जीभ लागते. तांडेलकाका तर तुझ्याही आधी गेले. त्या काळातली एकच जीभ उरली आहे, मावशीची, आणि ती हल्ली आचऱ्यालाच, लेकीकडे असते, माझ्या तळ्यापासून पंधरा मिनिटांवर. चार वर्षं मी त्या वाटेने जायचं टाळण्यासाठी लांबचा फेरा मारत होते. तिच्यापुढे मासा ठेवायचा तर आधी तो दुसरा मासा सांगायला हवा होता.

काल सकाळी एक जिताडा साफ करून घेऊन गेले. मावशी अंगणात पाटावर बसून कोकमं फोडत होती. पंच्याऐंशी तरी असेल. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं ओकले. टाक्या, अळशी, पिशवी, विळी, सगळं. शेवटी म्हटलं, "मावशी, तुझे मासे चांगलेच होते. वास माझ्या माशांना होता."

तिने एक कोकम फोडलं, बी बाजूला टाकली. "माका ठावक आसा," म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापासून. बस आधी, मान दुखता वर बगून. मी चार जिताडे दिलेले. सकाळी तुमच्या माडाच्या आळ्यात बगलंय तर मांजरान उकरून ठेवल्यान, आणि शेपटे सात. तुझ्या आवशीक हाताक धरून थय नेलंय आणि म्हटलंय, मोज. मोजल्यान. दोनदा मोजल्यान. मगे थयच बसली, माडाक टेकून, आणि हसाक लागली. माका वाटला, वेड लागला बायेक."

मी विचारलं, "म्हणजे आईला माहीत होतं?"

"तेच तर सांगतंय. माजी माफी मागल्यान, कपाळ धरल्यान, आणि म्हणाली, 'चेडवाक सांगू नको. तेका आपणान सांगांदे.' मगे तू सुट्टीक इलंस की माका मागल्या दारान येवचा लागायचा. मासे न्हाणयेत ठेवन जाय मी. एकदा तू न्हाणयेत जावक उठलंस आणि तुझ्या आवशीन तुका उगाच विहिरीर धाडल्यान!"

"आणि ते बंदरावर जायचं?"

"खयचा बंदर? माझ्याकडे येवन चाय पिऊन जाय ती."

"आणि बाजारात तू तोंड फिरवायचीस ते?"

"हसू येय माका! तुझा ता तोंड बगून. चवथीक हरवलेल्या पोरासारख्या तुझा तोंड. तुझी आवस माका बजावी, हसलंस तर खेळ मोडतलो."

नऊ वर्षं, आई. नऊ वर्षं दोन म्हाताऱ्या बायकांनी माझ्यासाठी भांडण चालवलं, आणि मी शेवटपर्यंत पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होते. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. त्याऐवजी मी तिथेच कोकमांच्या सालींवर बसकण मारली. साडीचा मागचा भाग जांभळा झाला आहे, तो जाणार नाही. जिचं नाव मी सव्वीस वर्षांपूर्वी घालवलं असं धरून चालले होते, तिचं नाव एका रात्रीपुरतंच गेलं होतं. हे कळल्यावर बाकी काही कळून घ्यायची मला घाई राहिली नाही.

पण एक विचारलंच. "आई रागावली होती का? मी सांगितलं नाही म्हणून?"

मावशीने हातातली साल खाली ठेवली. "वाट बगी," म्हणाली. "तू इलंस की बगी. तू गेलंस की म्हणा, पुढच्या खेपेक सांगतला. राग नाय गो. म्हणा, माझाच चेडू ता. माका चार लोकांत माफी मागाची झाली तर मीव जीव देयन." मग माझ्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं. "ता काय हाडलंस? का नुसताच रडूक इलंस?"

तिच्या लेकीने मासा तळला. मावशीने ताट जवळ ओढलं, तुकडा नाकाशी नेला आणि तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, मुद्दाम, मला घाम फुटेपर्यंत. मग खाल्ला. काटे एका बाजूला नीट लावले. दुसरा तुकडा घेतला. मला वाटलं, आता बोलेल. तिसरा घेतला.

"समुद्राचो नाय," शेवटी म्हणाली. "पण दाराचो पण नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे खावक व्हयो तसो आसा. तुझ्या आवशीन खाल्लो असतो. नावां ठेवल्यान असती, पण खाल्लो असतो."

प्रयोगशाळेने चार पानं घेतली होती तेच सांगायला, आणि तुझं मत त्यात नव्हतं.

तुझ्या शेवटच्या महिन्यात एकदा तू मला उशाशी बसवून विचारलं होतंस, "काय सांगूचा रवला नाय मां गो?" मी म्हटलं होतं, औषधाची वेळ झाली. तू औषध घेतलंस आणि पुन्हा विचारलं नाहीस. कालपर्यंत तो प्रश्न मला तुझ्याबद्दलचा वाटत होता. तेवढं सलतं, आणि ते सलू दे. बाकी मी हलकी आहे. आज सकाळी पडवी झाडली, तवा घासला. माळ्यावरच्या ट्रंकेतून तुझी बाटली काढली, बूच न उघडलेली. तेल मधासारखं दाट झालं आहे, वर सायीसारखी कातडी. बूच काढलं आणि ती दुपार पडवीभर झाली. वास खरंच बरा येतो, दाराला.

हे पत्र मी अहवालाच्या मागे फायलीत लावून ठेवणार आहे. मावशीला वाचून दाखवेन असं आधी वाटलं होतं, पण नाही दाखवणार, कारण तिला मी काल सगळं सांगितलं असं वर लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. हॉस्टेलमध्ये ज्या पाच जणांनी अळशीचा तो मासा खाऊन बघितला, त्यांतली एक मी होते. दाराचा वास मला पहिल्याच घासाला आला होता. चवीच्या तक्त्यात मी "उत्तम"वर खूण केली.